आरमार गेल्यावर लिहिलेलं आरमाराचं प्रकरण

२०२५च्या जुलैमध्ये आमच्या लालबागच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खांदेरीचा फोटो आला. ११ तारखेला मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले होते आणि रायगड, राजगड, प्रतापगडाबरोबर समुद्रातला हा एवढासा किल्लाही त्यात होता. रात्रभर फॉरवर्ड येत राहिले. त्यातल्या बऱ्याच फोटोंवर ‘आज्ञापत्रा’तली वाक्यं चिकटवलेली होती. किल्ल्यांवरचं एक, आरमारावरचं एक, आणि झाडं तोडण्याबद्दलचा तो उतारा, जो दर पर्यावरण दिनालाही येतो आणि ज्याच्याखाली हमखास शिवाजी महाराजांचं नाव असतं.

महिनाअखेरीस मी ग्रुपवर एक बातमी टाकली. युरोपीय संघाने १८ जुलैला रशियावर नवे निर्बंध लावले होते. त्यात गुजरातमधल्या वाडीनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीचं नाव होतं, कारण तिच्यात रशियाच्या रोझनेफ्टचा जवळपास निम्मा हिस्सा आहे. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने नायराच्या सेवा थांबवल्या. कंपनी भारतातली, लायसन्सचे पैसे पूर्ण भरलेत असं तिचं म्हणणं, डेटाही तिचाच, आणि तरी तो तिला उघडता येईना. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा पुन्हा सुरू झाल्या. नियम युरोपचा, विक्रेता अमेरिकेचा, वाद रशियाशी आणि बंद पडलेला ईमेल भारतातला.

माझ्या बातमीला एकही अंगठा आला नाही. पप्पा म्हणाले, “तुझ्या ऑफिसातलं आहे का हे? नाही ना? मग कशाला डोक्याला ताप?”

ताप होता, कारण त्याच आठवड्यात मी ‘आज्ञापत्र’ पहिल्यांदाच सलग वाचत होते आणि साहुकारांच्या प्रकरणावर अडकले होते. तिथे टोपीकरांबद्दल एक सूचना आहे. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार यांची नावं घेऊन लेखक सांगतो, की हे व्यापार करताना दिसतात पण इतर व्यापाऱ्यांसारखे ते नाहीत. यांच्या प्रत्येकाच्या पाठीशी एक राजा आहे, त्याच्या हुकमाने आणि त्याच्या फायद्यासाठी हे इथे येतात, आणि राजाला जमिनीचा लोभ नाही असं कधी होत नाही. हे १७१५ सालचं लिखाण आहे. मी क्लाउडवर काम करणारी मुलगी. दिवसातले नऊ तास माझं पोट ज्या सर्व्हरवर चालतं तो कुणाच्या राज्यात आहे, हे मला त्या दिवशी शोधावं लागलं.

आता इथेच थांबून “बघा, आपल्या पूर्वजांनी तीनशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं” असा लेख लिहिता आला असता. तसे लेख पुष्कळ आहेत. मॅनेजमेंटवाल्यांनी ‘आज्ञापत्रा’तून लीडरशिप काढली, पर्यावरणवाल्यांनी झाडं काढली, नौदलाच्या कौतुकवाल्यांनी आरमार काढलं. ज्याला जे हवं ते त्याने तोडून नेलं आणि पुस्तक मागे राहिलं. सगळं वाचल्यावर मला जे दिसलं ते या तुकड्यांच्या अगदी उलट आहे. हे एका बलाढ्य राज्याचं आत्मविश्वासपूर्ण संविधान नाही. हे लहान, थकलेल्या, दोन तुकडे झालेल्या राज्यातल्या एका म्हाताऱ्या माणसाने लिहिलेलं आहे.

तो माणूस म्हणजे रामचंद्र नीलकंठ बावडेकर, रामचंद्रपंत अमात्य. १६७४च्या राज्याभिषेकात अष्टप्रधानांत असलेला तरुण. १६८९मध्ये संभाजी महाराज मारले गेले, रायगड पडला, राजाराम महाराज थेट तमिळ मुलखात जिंजीला गेले. तेव्हा इथला कारभार ज्याच्या हवाली करून गेले तो हा माणूस, ‘हुकुमतपनाह’ असा किताब देऊन. विजापूर १६८६ला आणि गोवळकोंडा १६८७ला औरंगजेबाने संपवलं होतं. शिवाजी महाराजांचं राजकारण बऱ्याच अंशी मोगल आणि आदिलशाही यांच्यामधल्या फटीत उभं होतं. एकाशी तह करून दुसऱ्यावर चालून जाता यायचं. १६६५च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले देऊन १२ राखले, पण ते राखलेले १२ उपयोगी पडले कारण खेळायला मैदान शिल्लक होतं. १६८९ला ती फटच बुजली होती. समोर एकच महासत्ता होती आणि ती स्वतः बादशहासकट दक्खनेत मुक्कामाला आली होती. रामचंद्रपंत, शंकराजी नारायण, संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांनी ते दिवस काढले. १७०७मध्ये औरंगजेब इथेच, अहमदनगरजवळ वारला.

हा माणूस लिहितो तेव्हा त्याचं साठीच्या पुढचं वय झालेलं आहे आणि पुढच्याच वर्षी, १७१६त, तो जातो. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून साताऱ्यात गादीवर आहेत. कोल्हापूरच्या बाजूला १७१४मध्ये ताराबाई आणि त्यांच्या मुलाला बाजूला सारून राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर बसवला गेलाय. त्याचा जन्म १६९८चा. म्हणजे सतरा वर्षांच्या राजाच्या नावाने निघालेला हा हुकूम आहे, आणि त्या आवाजात बोलतोय तो चार छत्रपतींच्या काळात कारभार केलेला अमात्य. वाचताना ही गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागते. नाहीतर सतरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी इतका सावधपणा कुठून आला, असं वाटत राहतं.

भाषेचं खोटं सांगणार नाही, पहिली पंधरा पानं मी ओढत नेली. फारसी शब्द, संस्कृत समास, आणि क्रियापद येईपर्यंत दम लागेल अशी वाक्यं. मग अचानक लय सापडली, आणि ती सापडली क्रियापदांतच. सगळं पुस्तक ‘करावे’ आणि ‘न करावे’ या दोन रूपांवर चालतं. ऑफिसात आम्ही एक प्रकारचा दस्तऐवज ठेवतो, रनबुक म्हणतात त्याला. सिस्टिम पहाटे तीनला पडली तर काय करायचं, काय अजिबात करायचं नाही. नवीन आलेल्या मुलांना त्यातल्या काही सूचना वेडगळ वाटतात. “हा सर्व्हर सोमवारी रीस्टार्ट करू नये.” का? कारण कधीतरी कुणीतरी सोमवारी केला होता आणि त्याचे परिणाम आम्ही भोगलेत. सूचना राहते, घटना विसरली जाते. ‘आज्ञापत्रा’तला प्रत्येक विचित्र, गरजेपेक्षा जास्त तपशिलाचा ‘न करावे’ मला तसा दिसायला लागला. दारूखाना वस्तीपासून लांब असावा. गडाच्या शेजारी दुसरा उंच डोंगर असू नये, असलाच तर सुरुंगाने तोडावा किंवा तोही बांधून घ्यावा. एकच दरवाजा असलेला गड करू नये. आधी पाणी बघावं, मग गड. ही तत्त्वं म्हणून शिकवता येतात, पण कुठेतरी कुणाचा तरी दारूखाना वस्तीत उडाल्याशिवाय असं वाक्य लिहिलं जात नसावं, असा माझा अंदाज आहे.

काही घटना मात्र अंदाजाने शोधाव्या लागत नाहीत. टोपीकरांच्या सूचनेमागची एक तर थेट सापडते. १६६०मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते, तेव्हा राजापूरच्या इंग्रज वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन तोफगोळे घेऊन वेढ्यात गेला आणि इंग्रजांचं निशाण लावून पन्हाळ्यावर मारा केला. वखार व्यापाराची, निशाण राजाचं. पुढच्या वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटली, इंग्रजांना कैदेत टाकलं, आणि नुकसानभरपाईचा तो वाद पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक वाटाघाटीत येत राहिला. १६७४मध्ये हेन्री ऑक्सेंडन रायगडावर आला तेव्हाही तो होता. अमात्यांची सूचना या अनुभवाचा सार आहे. त्यांना येऊ-जाऊ द्यावं, व्यापार करू द्यावा. कायमची जागा देऊ नये. अगदीच वखारीला जागा द्यावी लागली तर खाडीच्या तोंडावर, समुद्रकाठी देऊ नये, कोसभर नाही तर आणखी आत, सखल जागी द्यावी. पक्की इमारत बांधू देऊ नये. कारण त्यांचं बळ आरमार आणि तोफा यांत आहे. बंदर मिळालं की त्या बळावर ते तिथे नवा किल्ला उभा करतील, आणि तेवढी जागा राज्यातून गेली म्हणून समजा.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की याच प्रकरणात साहुकारांची तोंडभरून स्तुती आहे. व्यापारी हे राज्याचं भूषण आहेत, त्यांच्यामुळे दूरदेशीच्या वस्तू येतात, अडीअडचणीला कर्ज मिळतं, त्यांना त्रास होऊ देऊ नये, परमुलखातले बोलावून आणून वसवावेत. दार लावून घ्या असं अमात्य म्हणतच नाहीत. त्यांचा प्रश्न एवढाच, की या विक्रेत्याला उद्या त्याच्या राजाने हुकूम केला तर हा माझ्या बंदरात उभा राहून काय करू शकेल? २०१७मध्ये श्रीलंकेने हंबनटोटा बंदर एका चिनी सरकारी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलं, तेव्हा जगभरच्या तज्ज्ञांनी कर्ज, व्याज, सापळा यावर ढिगाने लिहिलं. अमात्यांनी आधी नकाशा मागवला असता आणि जागा खाडीच्या तोंडावर आहे का ते पाहिलं असतं.

याउलट उदाहरण हवं असेल तर आपण राहतो तेच शहर. पोर्तुगिजांनी १६६१मध्ये लग्नाच्या आंदणात इंग्लंडच्या राजाला मुंबई दिली, १६६८मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्यावर कंपनीला दिली. खाडीच्या तोंडावरची जागा, पक्की इमारत, पाठीशी राजा. ज्या ज्या गोष्टी देऊ नयेत त्या सगळ्या एकाच बेटावर.

पण गंमत पाहा, त्या काळात मुंबईच लहान होती. १६७०च्या दशकातली मुंबई म्हणजे दोन मोठ्यांमध्ये चेपलेलं बेट. सुरतेचा व्यापार मोगलांच्या मर्जीवर, तर तांदूळ आणि सरपण समोरच्या किनाऱ्यावरून, म्हणजे शिवाजी महाराजांच्या मर्जीवर. मोगलांचा आरमारी सरदार जंजिऱ्याचा सिद्दी. त्याला पावसाळ्यात आपली जहाजं माझगावला लावायची असत. ‘नाही’ म्हटलं तर सुरत रागावणार, ‘हो’ म्हटलं तर रायगड, कारण सिद्दीची माणसं तिथून निघून समोरच्या मराठी मुलखात लूटमार करत. गव्हर्नर जेरल्ड ऑन्जियरने ही कसरत वर्षानुवर्षं केली. दोघांनाही गोड पत्रं, दोघांनाही अर्धवट उत्तरं.

१६७९मध्ये मराठ्यांनी खांदेरीवर तट बांधायला घेतला, मुंबईच्या दारासमोर. इंग्रजांनी जहाजं पाठवून बेट अडवलं. मोठी, जड जहाजं. आणि मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री उथळ पाण्यातून थळच्या किनाऱ्यावरून दगड, दाणा, माणसं नेत राहिल्या. १८ ऑक्टोबरच्या लढाईत मराठ्यांची बरीच तरांडी मागे हटली, हे आपल्या फॉरवर्डमध्ये नसतं. पण इंग्रजांचं ‘डव्ह’ नावाचं जहाज त्यांच्या हाती लागलं, आणि मुख्य म्हणजे बेटावरचं बांधकाम थांबलं नाही. वेढा चालवायचा खर्च कंपनीला परवडेना. १६८०च्या सुरुवातीला तह झाला, खांदेरी मराठ्यांकडे राहिली. सिद्दीने लगेच शेजारची उंदेरी घेऊन तिथे तोफा चढवल्या आणि दोन्ही बेटं एकमेकांवर गोळे टाकत बसली.

दहा वर्षांनी इंग्रजांनाही मोगलांशी वाकडं घेण्याची हौस आली. १६८९मध्ये सिद्दी याकूत शिवडीला उतरला. माझगाव, माहीम घेतलं, इंग्रज कोटात कोंडले गेले. शेवटी कंपनीला औरंगजेबाची माफी मागून दीड लाख रुपये दंड भरावा लागला, तेव्हा सिद्दी १६९०मध्ये बेटावरून हलला. शिवडीचा तो लहानसा किल्ला आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे आता लोक फ्लेमिंगो बघायला आणि अटल सेतूबरोबर सेल्फी काढायला जातात; मीही जाते. ज्यांना ‘आज्ञापत्र’ बंदरात थारा देऊ नका म्हणतं ते इंग्रज एकदा इथे अक्षरशः नाक घासत होते, हे आठवलं की पुस्तकातली भीती जास्त खरी वाटते. अमात्यांनी त्यांना हरताना पाहिलं होतं आणि तरीही ते त्यांना कमी लेखत नाहीत. बहुधा त्याच सुमारास मुंबईत काय चाललंय याचा त्यांना वास असावा. चार्ल्स बून १७१५च्या डिसेंबरात गव्हर्नर म्हणून आला आणि त्याच्या कारकिर्दीत गावाभोवती तट उभा राहिला. त्या तटाचा एक दरवाजा चर्चकडे जायचा. तट पाडून दीडशे वर्षं होऊन गेली. दरवाज्याचं नाव रोज सकाळी लोकलच्या इंडिकेटरवर लागतं.

इथवर माझं कौतुक. आता अडचण.

हे पुस्तक ज्या गोष्टी ‘न करावे’ म्हणून सांगतं त्यातल्या काही लेखकाने स्वतः केल्या होत्या. वतनदारांवरचं प्रकरण वाचा. वतनदार हे म्हणायला राजाचे सेवक, पण मनात प्रत्येक जण आपापल्या जागी छोटा राजाच असतो. राजा बळकट झालेला त्यांना नको असतो. परचक्र आलं की हे आधी शत्रूला जाऊन मिळतात. त्यांना सांभाळावंही आणि दाबूनही ठेवावं. पुढच्या प्रकरणात तर नवीन वतनं, इनामं देण्यावर कडक ताशेरे आहेत, जमीन वाटून टाकणं म्हणजे राज्य वाटून टाकणं. छान. पण १६८९ नंतर औरंगजेब वतनांची आमिषं दाखवत होता, तेव्हा माणसं टिकवायला राजाराम महाराजांच्या कारभारानेही वतनांची आश्वासनं दिली. आणि तो कारभार इकडे कोण पाहत होतं? हुकुमतपनाह. त्याशिवाय चारा नव्हता, मान्य. पण त्या दशकात जे वाटलं ते पुन्हा गोळा झालं नाही, आणि पुढच्या मराठा सरदारकीची मुळं बरीचशी तिथे आहेत. अमात्य हे प्रकरण लिहितात तेव्हा ते उपदेश करत नाहीत, ते कबुली देतायत असं मला वाटतं. फक्त ‘मी’ हा शब्द त्यात नाही. राजाच्या आवाजात लिहिण्याची ही सोय आहे: हुकूम काढता येतो, चूक सांगता येत नाही. लेखन म्हणून ‘आज्ञापत्रा’ची सगळ्यात मोठी मर्यादा मला हीच वाटते.

आरमाराचं प्रकरण तर मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करून गेलं. सुंदर प्रकरण आहे. आरमार हे राज्याचं स्वतंत्र अंग, ते नुसतं घोडदळाचं शेपूट नव्हे. फार मोठी नाहीत, फार लहान नाहीत अशी जहाजं असावीत. इतक्या गुराबा, इतकी गलबतं मिळून एक सुभा. आरमाराचा पगार नेमून द्यावा, बंदराच्या उत्पन्नावर किंवा लुटीवर त्यांना सोडू नये, नाहीतर ते व्यापाऱ्यांना नागवतील आणि बंदरच ओस पडेल. शत्रूचं जहाज शरण आलं तरी एकदम त्याला जाऊन भिडू नये, दगा होतो. आधी त्यांच्या माणसांना आपल्याकडे आणावं.

तो झाडांचा उतारा इथेच आहे, आरमारासाठी लाकूड कुठून आणायचं या हिशेबात. सागासारखी झाडं हुजूरच्या परवानगीने तोडावीत. आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती एक-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोरांसारखी वाढवलेली असतात. जुनं झालेलं एखादं झाड हवंच असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. पोस्टरवर हे पर्यावरणप्रेम म्हणून छापतात. पण हे संरक्षण खात्याच्या खरेदीविषयी आहे. शत्रूशी लढायला जहाज हवंय, लाकूड समोर उभं आहे, हातात तलवार आहे, आणि तरीही ते फुकट घ्यायचं नाही. अमात्यांचं कारण भाबडं नाही: रयतेला दुखावून केलेलं काम टिकत नाही, उलट त्यांच्या हळहळीने राज्याचंच नुकसान होतं. सतरा-अठरा वर्षं मोगलांच्या फौजा अंगावर घेतलेल्या माणसाला ठाऊक होतं, की लहान राज्याचा खजिना म्हणजे समोरच्या गावातला माणूस रात्री होडी काढतो की नाही, एवढाच असतो. खांदेरीला तो थळहून निघाला होता.

आणि आता तारखा जुळवून पाहा. मराठी आरमाराचा खरा मालक तोवर कान्होजी आंग्रे झाला होता. तो ताराबाईंच्या, म्हणजे कोल्हापूरच्या बाजूचा सरखेल. १७१३-१४मध्ये बाळाजी विश्वनाथाने त्याच्याशी बोलणी करून त्याला शाहूंच्या बाजूला वळवलं. म्हणजे १७१५मध्ये सतरा वर्षांच्या राजाला आरमार कसं ठेवावं हे जेव्हा इतक्या तपशिलात सांगितलं जातंय, तेव्हा सिंधुदुर्ग आणि मालवणकडचा भाग सोडला तर बहुतेक आरमार त्या राजाकडे उरलेलंच नाही. ज्याच्याकडे आहे तो शेजारच्या गादीचा नोकर आहे. पुस्तकात साहुकार आहेत, वतनदार आहेत, दुर्ग आहेत, टोपीकर आहेत. सख्ख्या चुलत भावाची गादी पलीकडे उभी असताना काय करावं, यावर प्रकरण नाही. हुकुमाचा पहिला वाचक ज्या प्रश्नाने रोज झोपेतून उठत असेल तेवढाच गाळलेला आहे.

त्या गाळलेल्या जागेतूनच पुढे सगळं गेलं. कोल्हापूरकर संभाजींनी शाहूंविरुद्ध निजामाचा हात धरला; १७३१च्या वारणेच्या तहाने ते भांडण मिटलं. आरमाराचं काय झालं ते आपण शाळेत एका ओळीत शिकतो. नानासाहेब पेशव्याचं तुळाजी आंग्र्याशी पटेना. त्याने मुंबईच्या इंग्रजांना सोबत घेतलं. १७५५मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, फेब्रुवारी १७५६मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले आणि आंग्र्यांचं आरमार बंदरात जळालं. इंग्रजांनी किल्ला महिनोन्महिने पेशव्याच्या ताब्यात दिलाच नाही. ऑक्टोबरात दिला, तोही बाणकोट आणि काही गावं घेऊन. खाडीच्या तोंडावरची जागा! ‘आज्ञापत्रा’तला ‘न करावे’ एकेक करून मोडला गेला, आणि मोडणारा मूर्ख नव्हता. त्याला घरातला शत्रू जवळचा वाटला आणि टोपीकर लांबचा. आणखी एक बारकावा: अमात्य कुठेच एका टोपीकराला दुसऱ्यावर सोडण्याचा सल्ला देत नाहीत. पाचही जणांना एकच नियम लावतात. आपण मात्र आजही लहान देशाच्या हुशारीची व्याख्या ‘दोघांना खेळवणं’ अशी करतो. खेळवता येतं, ऑन्जियरने खेळवलं. पण त्याला किमान माझगाव कुणाचं हा वाद घरात नव्हता.

माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘खांदेरी’ नावाची पाणबुडी २०१९च्या सप्टेंबरमध्ये नौदलात आली. आराखडा फ्रेंच. तिच्याआधीही एक ‘खांदेरी’ होती, १९६८मध्ये रिगाला नौदलात दाखल झालेली, सोव्हिएत बनावटीची. एकच नाव, शीतयुद्धात एका टोपीकराचं, आता दुसऱ्याच्या आराखड्याचं, बांधणी मात्र या वेळी आपल्या गोदीत. ही टीका म्हणून लिहीत नाहीये. माझ्या लॅपटॉपमधली एक चिपही इथे बनलेली नाही. फक्त अमात्यांनी ही यादी कशी वाचली असती, याची मला उत्सुकता आहे. त्यांनी बहुधा विचारलं असतं, सुटे भाग कुठून येतात आणि ते देणाऱ्याच्या राजाशी सध्या आपलं कसं आहे.

ऑफिसात मी नायराची बातमी आमच्या टीम मीटिंगमध्ये काढली होती. आपलं अकाउंट उद्या सकाळी बंद झालं तर किती तासांत दुसरीकडे उभं राहू? कुणीतरी म्हणालं, आपण कुठे तेल विकतो. सगळे हसले, मीही हसले. आता तो प्रश्न आमच्या रनबुकमध्ये आहे, उत्तराची जागा अजून रिकामी आहे.

मला ‘आज्ञापत्रा’ची एक वेगळी आवृत्ती हवी आहे. डाव्या पानावर मूळ मजकूर, उजव्या पानावर प्रत्येक ‘न करावे’समोर ती घटना, तारखेसकट: पन्हाळा १६६०, खांदेरी १६७९, जिंजीची वर्षं. वतनांच्या प्रकरणासमोर लेखकाच्याच हातून निघालेल्या सनदा. आरमाराच्या प्रकरणासमोर कान्होजीचं बाजू बदलणं आणि मग विजयदुर्ग १७५६. असं पुस्तक फॉरवर्ड करायला फार अवघड जाईल. गेल्या रविवारी पप्पांना आरमाराचं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलं. आंब्या-फणसापाशी ते मान डोलवत होते. कान्होजीचं सांगितल्यावर गप्प बसले, मग म्हणाले, “म्हणजे पत्र पोचलं तेव्हा बोटी नव्हत्याच?”